लेकीला सांगितलं ते वहीत गेलं

"तात्या, तुमी आदी हितं या. आन् ह्या पोरीला घरात ठिवू का भायेर काढू, ते सांगून जावा."

फोनवर कळंबची हिराबाई होती. मी बारामती एमआयडीसीच्या गेटाजवळ मोटरसायकलचं पंक्चर काढून घेत होतो. हिराबाई फोनवर नेहमी ओरडून बोलते. लांबच्या माणसाला मोठ्यानं सांगावं लागतं असं तिला वाटतं. त्या दिवशी ती हळू बोलत होती. तेव्हाच कळलं, काम बिघडलं.

माझं काम काय ते आधी सांगतो. मी कन्हेरीचा. शाळा तिसरीत सुटली. बारामतीत एका अभ्यास करणाऱ्या संस्थेचं फील्ड ऑफिस आहे. पुण्या-मुंबईची शिकलेली मुलं तिथं येतात. आमच्या भागातली माणसं कशी राहतात, काय करायची आणि आता काय करतात, यावर ती पीएचडी करतात. त्यांना गावात नेणं, राहायला घर बघून देणं, कुणाशी कसं बोलायचं ते शिकवणं, हे माझं काम. कागदावर मी 'फील्ड असिस्टंट'. वीस वर्षं झाली. माझ्या हाताखालून नऊ जण डॉक्टर होऊन गेले. बारामती-इंदापुरात कुठलं दार कसं वाजवायचं, हे त्यांच्या गाईडलाही मलाच विचारावं लागतं. हा गर्व म्हणा. आहेच तो.

वैदेही ही दहावी. पुण्याची, तिशीच्या आतबाहेरची, लग्न झालेली. तिचा विषय असा: ज्या घरांनी मेंढरं पाळायचं सोडलं आणि ऊस, गाई धरल्या, त्या घरातल्या बायकांचं काय झालं. तिला नुसते प्रश्न विचारून परत जायचं नव्हतं. त्या घरात राहायचं होतं. शेण काढायचं, धार काढायची, वाढं आणायचं आणि बघायचं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावराला घालतात तो. या पद्धतीला ते लोक इंग्रजीत लांबलचक नाव देतात. मी त्याला 'राहून बघणं' म्हणतो.

मी तिला कळंबला हिराबाईकडं ठेवलं. हिराबाई विधवा, साठीची. मुलगा महादू फॅक्टरीत, सून रुपाली दहावी शिकलेली. भिंतीला भिंत लावून धाकट्या जावेचं घर, बायजाबाईचं. तीही विधवा. दोघींची मेंढरं एके काळी एकत्र होती. दोघी मिळून कोकणाकडं कळप नेत. आता मेंढरं नाहीत, पण दोघी रानात बरोबर जातात, एकीचा चहा दुसरीच्या चुलीवर होतो.

पहिल्या दिवशी मी हिराबाईची कन्सेंट फॉर्मवर सही घेतली. या फॉर्मावर लिहिलेलं असतं की मला सगळं समजावून सांगितलं, मी राजीखुशीनं माहिती देते. सही घेतली की आमच्या बाजूनं काम पक्कं. मग मी दोन गोष्टी केल्या. त्या दरवेळी करायचो आणि मला त्यांचा अभिमान होता.

एक, हिराबाईला म्हणालो, "हिला पाव्हणी समजू नका. लेक समजा."

दुसरी, वैदेहीला म्हणालो, "माणसांसमोर वही काढायची नाही. वही दिसली की माणूस तोंड धुऊन बोलतो. ऐकायचं, डोक्यात ठेवायचं, आणि एकटी असताना लिहायचं."

"तात्या, हे बरोबर आहे का?" तिनं विचारलं होतं.

"नऊ जण डॉक्टर झाले ते असंच," मी म्हणालो.

चार महिने गेले. वैदेही धार काढायला शिकली. हिराबाईला पोटची लेक नव्हती. नागपंचमीला लेकी माहेरी येतात. हिराबाईनं वैदेहीला बांगड्या भरल्या, शेजारच्या चार बायका बोलावल्या आणि सगळ्यांसमोर तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आमच्याकडं ओटी ही नुसती रीत नाही. ती भरली की वस्तीच्या लेखी ती त्या घरची माहेरवाशीण. वैदेहीनं मला फोन करून सांगितलं तर मीच म्हणालो, "आता तुला सगळं कळंल."

कळलं. त्याच आठवड्यात, दोघी वाढं सोलत बसल्या असताना, हिराबाईनं तिला एक गोष्ट सांगितली. ती तिनं त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती.

कळप विकला त्याची गोष्ट. वस्तीला ठाऊक होतं की मेंढरं बायजाबाईच्या नवऱ्यानं विकली, सोपाननं. बायजाबाई आठ दिवस भावाकडं लग्नाला गेली होती. परत आली तर वाघूर रिकामी. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. बायजाबाईचा जीव त्या कळपात होता. ती सोपानशी बोलायची बंद झाली. अकरा वर्षं, सोपान वारेपर्यंत. ताट वाढायची, कपडे धुवायची. बोलली नाही.

खरं असं होतं की मेंढरं सोपाननं विकलीच नव्हती. हिराबाईनं विकली. महादूनं शाळा सोडून मेंढरांमागं जाऊ नये म्हणून. जाऊ ऐकणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून ती माहेरी असताना. दीर नको म्हणत होता. विकल्यावर तोच म्हणाला, "वैनी, माझ्या नावावर खपवा. तुमा दोघींना एका भिंतीला ऱ्हायाचंय." आणि गप्प बसला तो शेवटपर्यंत.

हे वैदेहीनं एकटी असताना वहीत लिहिलं. माझ्या शिकवणीप्रमाणं.

हिराबाईचा फोन आला त्या दिवशी वैदेही डेअरीला दूध घालायला गेली होती. वही शिलाई मशीनवर उघडी राहिली. रुपालीनं झाडता झाडता बघितली आणि हौसेनं ओरडली, "अवो आत्या, तुमचं नाव हाय की हितं!" हिराबाई पदर सावरून ऐकायला बसली. रुपाली मोठ्यानं वाचत गेली. आधी दोघी हसल्या. मग ते पान आलं.

मी पोहोचलो तेव्हा हिराबाई ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसली होती. वैदेही खाली अंगणात उभी. तिचे डोळे सुजले होते. रुपाली दाराआड.

"तात्या, फॉर्मवर सही कुनी घेतली?" हिराबाई.

"मी."

"मी सही दिली तवा ही कोन व्हती?"

"पाव्हणी."

"आन् वाढं सोलताना?"

मी चप्पल काढून ओट्याच्या पायरीवर बसलो.

"मी लेकीला सांगितलं, तात्या. लेकीला सांगितल्यालं वहीत कसं गेलं? हे पान फाडा. तुमच्या हातानं फाडा."

वैदेही म्हणाली, "आई, फाडा. पण मला एक सांगा, बायजाकाकूंना हे कधीच कळणार नाही का? मी रोज त्यांच्याकडं चहा पिते. त्या काकांना नावं ठेवतात. मी मान हलवते. मला हे झेपत नाही."

"तुला झेपायचा काय संबंध? तुझा दीर हाय का त्यो?"

मी वही घेतली आणि बांधावर जाऊन पुण्याला मोठ्या सरांना फोन लावून सगळं सांगितलं. मोठे सर म्हणजे वैदेहीचे गाईड, आमच्या संस्थेचे प्रमुख.

"तात्या, पान फाडायचं नाही," ते म्हणाले. "तो डेटा आहे."

डेटा म्हणजे लोकांनी सांगितलेलंच. आमच्या हातात आलं की त्याला ते नाव पडतं.

"सर, बाई नको म्हणतीय."

"सही आहे ना तिची?"

"सही पाव्हणीला दिली. सांगितलं ते लेकीला."

"कायद्यानं सही चालते."

"कायद्यानं चालंल. कळंबात न्हाय चालत."

"हे बघा, आपण नाव बदलू. हिराबाईऐवजी सरस्वती लिहू. आणि त्या दुसऱ्या बाईंना काहीही सांगायचं नाही. आपण बघायला गेलोय, गावात ढवळाढवळ करायला नाही. वैदेही तिथली होऊन गेलीय. तिला आता दिसत नाही."

"सर, दोन जावा, एक भिंत, आठ दिवसांत इकलेली मेंढरं. तिला सरस्वती म्हणा न्हायतर गंगू. कळंबातलं कुत्रंबी वळखंल."

सरांनी विचारलं, "तिला लेक कुणी केलं, तात्या?"

वीस वर्षांत मी सरांना 'चुकलं' असं म्हटलेलं नाही. ते त्यांना ठाऊक आहे.

"मी केलं," मी म्हणालो. "आन् वही लपवायलाबी मीच सांगितली. आता निस्तरू द्या मला. फाडत न्हाय, पण तुमीबी मधी पडू नका."

परत येऊन मी वैदेहीला सांगितलं, बॅग भर. तिची सोय वालचंदनगरात एका मास्तरांकडं केली. हिराबाईला म्हणालो, "ही उद्या सकाळी यील. घरात न्हाय येणार. ओट्यावर बसंल, पाव्हणीसारखी. वही उघडी ठेवंल. चार महिन्यांत तुमच्याबद्दल जे लिवलं ते सगळं तुमाला वाचून दाखवंल. जे नको म्हणाल ते तुमच्यासमोर खोडंल."

"सगळं?"

"सगळं."

"आन् तुमचं सर?"

"सर पुन्यात हायती."

तीन दिवस वाचन चाललं. मी बाजूला बसून होतो. पहिला दिवस हिराबाई न्यायाधीशासारखी बसली. काय खोडायला लावलं, ऐका. तिला साखरेचा आजार असून ती चोरून गूळ खाते, हे खोडायला लावलं. नवऱ्यानं एकदा मारलं होतं, ते म्हणाली राहू दे, खरं हाय. सून चपात्या जाड करते हे वैदेहीनं लिहिलं होतं. रुपाली दारातनं म्हणाली, "ते खोडा." हिराबाई म्हणाली, "ते ठिवा." कोकणच्या वाटेवर मेंढी व्याली आणि कोकरू पदरात घेऊन ती पाच कोस चालली, ते वाचल्यावर म्हणाली, "सा कोस लिव्ह."

चहा आला. वैदेहीला बशीसकट पाहुण्यांच्या कपात. चार महिने ती स्टीलच्या पेल्यात प्यायची. वैदेहीनं कपाकडं बघितलं आणि वहीचं पुढचं पान उलटलं.

तिसऱ्या दिवशी ते पान आलं. वैदेहीनं हळू आवाजात वाचलं, कारण भिंतीपलीकडं बायजाबाई होती.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. 'वैनी, माझ्या नावावर खपवा' इथं हिराबाईनं हात वर केला.

"असंच म्हनला व्हता त्यो. अक्षीच असं." मग म्हणाली, "खोड."

वैदेहीनं खोडलं. चांगलं गिरवून, खालचं अक्षर दिसणार नाही असं.

"खोडलं तरी तुझ्या डोक्यात हायच की," हिराबाई म्हणाली. "रुपालीच्या हाय. तात्याच्या हाय. आता हे चौघांत झालं. चौघांतलं किती दिस ऱ्हातं? दुसऱ्याच्या तोंडनं तिला कळण्यापरीस मीच सांगते."

ती उठली ती सरळ पलीकडं गेली. मला म्हणाली, "तात्या, संगं या. पर बोलू नका."

बायजाबाई गोठ्यापुढं कोयत्यानं वाढं तोडत होती. हिराबाई उभ्या उभ्या म्हणाली, "बायजे, मेंढरं सोपाननं न्हाईत इकली. मी इकली. त्येनं अंगावर घेतलं."

बायजाबाईचा कोयता थांबला.

"कवा सांगतीयास?"

सोपानला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"जा," बायजाबाई म्हणाली आणि पुन्हा वाढं तोडायला लागली. आम्ही निघालो तरी कोयत्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज वाढं तोडायचा नव्हता. नुसत्या लाकडावर घाव पडत होते.

मोठ्या सरांचं म्हणणं, आपल्यामुळं गावात फरक पडायला नको. फरक पडला होता. दुसऱ्या दिवसापासून दोघी रानात वेगवेगळ्या जायला लागल्या. मला वाटलं, आपण एक भिंत होती तिच्या दोन केल्या.

आठ दिवसांनी बायजाबाईचा निरोप आला. मी आणि वैदेही दोघांना बोलावलं होतं. गेलो. तिनं आम्हाला बाजेवर बसवलं.

"अकरा वर्सं मी त्येला ताट दिलं, पानी दिलं. शबुद दिला न्हाई," ती म्हणाली. "आता कुनाला देऊ? पोरी, तू पुस्तक लिवतीस न्हवं? त्यात लिव्ह. सोपाननं मेंढरं इकली न्हाईत. नावानिशी लिव्ह. बापाच्या नावासकट."

वैदेहीनं माझ्याकडं बघितलं. आमच्या धंद्यात उलटं असतं. नावं लपवायची असतात. माणसाला त्रास होऊ नये म्हणून.

"काकू, नावं बदलायचा नियम आहे," ती म्हणाली. "आणि काकांचं नाव घातलं की हिराबाईंचंही कळणार. त्यांनी ते पान खोडायला लावलंय."

हिराबाई भिंतीपलीकडं धुणं वाळत घालत होती. भिंत खांद्याएवढी. तिला सगळं ऐकू जात होतं, आणि बायजाबाईला ते ठाऊक होतं.

"तात्या," बायजाबाई मोठ्यानं म्हणाली, "तिला म्हनावं, मेलेल्या मानसाचं नाव धुऊन दे."

पलीकडनं आवाज आला, "तात्या, तिला म्हनावं, माझ्या म्हादूला फॅक्टरीत लोक इचारतील."

"तात्या, तिला म्हनावं, माझ्या धन्याला गाव अकरा वर्सं इचारत व्हतं."

"तात्या, तिला म्हनावं, गावानं दोन दिस इचारलं आन् सोडून दिलं. अकरा वर्सं तूच व्हतीस."

मी मध्ये बसलो होतो. मला काही निरोप द्यावा लागला नाही. बायजाबाई जमिनीकडं बघत होती.

"व्हय," बायजाबाई म्हणाली. ह्या वेळी 'तात्या' नव्हतं. "व्हय. मीच व्हते."

धुण्याचं पाणी पलीकडं टपटप गळत होतं. हिराबाई म्हणाली, "त्येचं नाव घाला. माझं घालू नका. मोठी जाऊ म्हना. कळंबाला कळायचं ते कळंल. पुन्याला कशाला कळाया पायजे?"

मी वैदेहीला म्हणालो, "वही काढ."

"आत्ता?"

"आत्ताच. दोघींसमोर."

तिनं वही काढली. हिराबाई भिंतीवरनं वाकून बघत म्हणाली, "लिव्ह. नीट लिव्ह. मागच्यावानी चोरून नको."

पुण्यात एथिक्स कमिटी असते. अभ्यास करणाऱ्यामुळं लोकांचं नुकसान होऊ नये हे बघणारी मंडळी. त्यांनी आधी नाही म्हटलं. नाव छापायचं नाही म्हणजे नाही. सर म्हणाले, "तात्या, तुम्हीच या आणि सांगा." गेलो. पाच जण टेबलाभोवती बसले होते. एक मॅडम म्हणाल्या, "नाव झाकणं हे त्यांच्याच संरक्षणासाठी आहे."

मी म्हणालो, "मॅडम, ज्याला झाकून घ्यायचंय त्याला झाका. हिराबाईला झाका. बायजाबाईला उघडं पाहिजे. दोघींना एकच गोधडी कशाला घालताय?"

त्यांनी इंग्रजीत बरंच बोलून घेतलं. शेवटी दोघींच्या नव्यानं सह्या आणायला सांगितल्या. या खेपेला फॉर्म मी हातात दिला नाही. रुपालीनं ओट्यावर बसून सगळा वाचून दाखवला, मग सह्या झाल्या. वैदेहीनं पुस्तकात आपल्याविषयीही एक पान लिहिलं. की मी त्या घरची लेक झाले होते, म्हणून या घराबद्दल माझं म्हणणं पारखून घ्या. सर म्हणाले, यानं परीक्षक तुला अडवतील. ती म्हणाली, अडवू देत. पदवी मिळाली तिला. दहावी माझी.

छापील प्रत घेऊन आम्ही कळंबला गेलो. बायजाबाईनं सोपानचं नाव कुठं आहे ते विचारलं. वैदेहीनं दाखवलं.

"किती येळा हाय?"

"दोन वेळा."

"एवढ्या जाड पुस्तकात दोनच?" ती म्हणाली. "आन् मेंढरं?"

वैदेहीला हसू आलं. "मेंढरं खूप वेळा आहेत, काकू."

"चालायचंच. त्येलाबी मेंढरंच जास्त आवडायची." मग तिनं पुस्तक मागून घेतलं आणि आत ठेवलं.

दोघी जावा अजून एकमेकींशी सरळ बोलत नाहीत. रुपालीमार्फत बोलतात. पण रोज बोलतात. वैदेही भेटायला गेली की हिराबाई तिला जेवू घालते, पण चहा अजून कपबशीतच देते. मी एकदा म्हणालो, आता पेला द्या की. तर म्हणाली, "तात्या, तुमी तुमचं काम बघा."

बघतो. नवीन मुलगा-मुलगी आली की घरच्यांना आता पहिल्याच दिवशी सांगतो: हा लेक न्हाय, ही लेक न्हाय. ही लिहायला आलेली माणसं आहेत, वही हातात असंल, वही दिसंल. दर महिन्याला लिहिलेलं वाचून दाखवायला लावतो. त्यामुळं पहिले पंधरा दिवस कुणी काही सांगत नाही. मोठे सर म्हणतात, तात्या, तुमच्यामुळं काम हळू होतं.

मी म्हणतो, होऊ द्या हळू.